हटवार सरांचे हात

परिषदेच्या आदल्या दिवशी दुपारी पुंडलिकराव हटवार सभागृहात आले, तेव्हा त्यांची मुलगी कल्याणी शिडीवर उभी राहून छताच्या कडेला सुपारीएवढा एक कॅमेरा बसवत होती. तसेच आणखी कितीतरी कॅमेरे खाली खुर्च्यांवर मांडून ठेवले होते.

"एवढे सगळे?" त्यांनी विचारलं. "लग्नातसुद्धा एवढे नसतात."

"लग्नात नवरा-नवरी कुठे बसणार ते ठरलेलं असतं, बाबा. इथं कोण कोणाकडे कधी बघेल ते सांगता येत नाही."

भंडाऱ्याला वैनगंगेच्या काठी असलेल्या त्या छोट्या संशोधन संस्थेत 'शिक्षणातील वैविध्य' या विषयावर राष्ट्रीय परिषद भरणार होती. पुंडलिकराव स्वागताध्यक्ष होते आणि त्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. आंधळगावच्या कोष्ट्याच्या घरातला हा मुलगा शिक्षक झाला, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेवर गेला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. आल्या आल्या त्याने गोंडी शिकून घेतली. गोंड मुलांना पहिल्या वर्षी त्यांच्याच भाषेत वाचायला शिकवायचं आणि मग हळूहळू मराठीत आणायचं, ही त्याची पद्धत पुढे राज्यभर गेली. त्या भागात कुणी नुसतं 'सर' म्हटलं तरी ते हटवार सरच असत.

कल्याणी फोटोग्राफर होती. मात्र त्या वेळेपर्यंत तिच्या व्यवसायाचं नावच बदललं होतं. तिला आता 'दृश्यलेखक' म्हणत, आणि परिषदा, सभा, सुनावण्या यांचं स्पंदनचित्रण करण्याचा परवाना तिच्याकडे होता.

अशा परिषदांचे फोटो पूर्वी कसे असत ते सगळ्यांना ठाऊक होतं. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, व्यासपीठावरची रांग, आणि रांगेच्या टोकाला, अर्धी चौकटीबाहेर गेलेली, कुठल्यातरी टोल्यावरून, रानातल्या वस्तीवरून, बोलावून आणलेली एखादी शिक्षिका. अहवालाच्या मुखपृष्ठावर मात्र तिचाच फोटो. ती बोलत असताना पहिल्या रांगेतले किती जण फोनमध्ये बघत होते, चहाच्या वेळी तिच्या टेबलाशी कोण थांबलं, हे कुठल्याच फोटोत येत नसे. ते पकडण्यासाठी स्पंदनचित्र निघालं.

"मला एकदा नीट समजावून सांग," पुंडलिकराव खुर्चीवर बसत म्हणाले. "उद्या कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे."

कल्याणी शिडीवरून उतरली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर चेहऱ्याच्या त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त भरतं आणि ओसरतं, तिने सांगितलं. रक्त हिरवा प्रकाश जास्त शोषतं, त्यामुळे दर ठोक्याला चेहऱ्याचा रंग किंचित बदलतो. डोळ्यांना तो बदल दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. माणूस मनातून बिचकला, मागे सरला, की शरीर आपोआप रक्त आत ओढून घेतं. नाकाचं टोक आणि बोटं जराशी गार पडतात. समोरचा माणूस आपला वाटला की उलट होतं. हे आपण ठरवून करत नाही आणि ठरवून थांबवूही शकत नाही. आधीची यंत्रं सावळ्या त्वचेवर चुकायची, कारण ती गोऱ्या चेहऱ्यांवर शिकवली होती. आता उष्णता मोजणारी भिंगं जोडल्यावर ती अडचण राहिली नव्हती. सगळ्या कोपऱ्यांतून आलेली माहिती एकत्र करून यंत्र चित्र रंगवत असे. जवळीक असेल तिथे हळदी रंग, दुरावा असेल तिथे राखाडी.

"हळदी आणि राखाडीच का?"

"भगवा, निळा, हिरवा, कुठलाही घेतला असता तरी कुणीतरी रागावलं असतं."

पुंडलिकराव हसले. "मग हे दोन रंग कुणाचेच नाहीत म्हणायचे."

"आणि हे चित्रण नंतर बदलता येत नाही," ती म्हणाली. "मागे एका आयोजकांनी सोयीने रंग भरून घेतले होते. तेव्हापासून परिषद संपली की सगळं जसंच्या तसं सीलबंद होतं आणि सगळ्यांसाठी खुलं होतं. मी फक्त त्यातले निवडक फोटो काढून अहवालाला जोडते."

"चांगलं आहे," ते म्हणाले. "लपवायचं काय आहे त्यात?"

यंत्र आणायचा आग्रह परिषदेचे सचिव डॉ. विश्राम खोब्रागडे यांचा होता. पन्नाशीचा हा प्राध्यापक पुंडलिकरावांना मोठ्या भावासारखा मानत असे. शिक्षकांच्या खोलीत आपण शिरलो की बोलणं कसं बदलतं, मुलाखतीच्या टेबलापलीकडचा माणूस आडनाव ऐकून कसा हलकेच मागे रेलतो, हे त्याने आयुष्यभर सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी समोरून एकच उत्तर आलं होतं, 'तुम्हाला तसं वाटलं असेल.' आता ते वाटणं भिंतीवर रंगात दाखवता येणार होतं. नियामक मंडळाच्या बैठकीत तो एवढंच म्हणाला होता, "मला नवीन काही कळणार नाही. इतरांना कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात यशोदा टेकाम बोलायला उभी राहिली. ती पुंडलिकरावांची विद्यार्थिनी, आणि आता त्याच आश्रमशाळेची मुख्याध्यापिका होती. 'सेवा जोहार' असा गोंडी नमस्कार करून तिने सुरुवात केली आणि शाळेतल्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली.

"मला तहान लागली होती. मी 'येर, येर' म्हणत होते. आमच्यात येर म्हणजे पाणी. बाईंना वाटलं, मी रडते आहे. त्यांनी मला खाऊ दिला, बाहुली दिली, मग रागावल्या. संध्याकाळी नवीन सर आले. त्यांनी पेला भरून आणला आणि विचारलं, 'येर?' त्या दिवसापासून मी शाळेत आहे."

कल्याणी मागच्या नियंत्रणकक्षात बसली होती. तिच्या पडद्यावर एकेक रांग हळदी होत गेली, पार शेवटच्या दारापर्यंत. असं चित्र तिने कधी पाहिलं नव्हतं. बोलणं संपल्यावर पुंडलिकराव सत्कारासाठी पुढे आले. यशोदाने शाल घेतली, मग त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन कपाळाला लावले आणि तशीच उभी राहिली. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पुंडलिकराव हसत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

पडद्यावर, त्या सगळ्या हळदी गर्दीच्या मधोमध, एक राखाडी माणूस उभा होता.

कल्याणीला आधी वाटलं, भिंगावर सावली आली असेल. तिने दुसऱ्या कोपऱ्यातलं दृश्य घेतलं, मग तिसऱ्या. चेहरा राखाडी होता. हात मनगटापर्यंत राखाडी होते, आणि यशोदाच्या हातांत होती ती बोटं सगळ्यात गडद.

त्या दिवशी उरलेलं काम तिने कसंबसं केलं. सत्रं संपल्यावर तिने एकटीने सगळं पुन्हा तपासलं. बाबांचं वय झालं आहे, सभागृहात गारवा होता, व्यासपीठावर त्यांना ताण आला असेल. पण यंत्र या सगळ्याचा हिशेब आधीच करत असे, आणि तेच बाबा, त्याच सभागृहात, खोब्रागड्यांचा हात हातात घेताना हळदी होते. दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांशी हात मिळवताना हळदी होते. चहाच्या वेळी धानोऱ्याचा एक तरुण गोंड शिक्षक त्यांच्या पाया पडला आणि त्यांनी त्याला उठवून जवळ घेतलं, तेव्हा पुन्हा राखाडी. तिथे ती थांबली. आणखी शोधलं तर आणखी सापडेल, अशी तिला भीती वाटली.

यंत्र कारण सांगत नव्हतं. भीती, लाज, शोक, किळस, जुनं काहीतरी आठवणं, या सगळ्यांत शरीर रक्त आतच ओढतं आणि सगळ्यांचा रंग एकच. परवान्याच्या परीक्षेत हे वाक्य तिने स्वतः लिहिलं होतं. पण चित्र बघणाऱ्यांनी ती परीक्षा दिलेली नसते.

अहवालासाठी फोटो निवडताना तिने यशोदाच्या भाषणाचा फोटो घेतला, हळदी सभागृहाचा घेतला. सत्काराचा घेतला नाही.

परिषद संपली, चित्रण खुलं झालं, आणि काही दिवस काहीच घडलं नाही. अहवालाचं कौतुक झालं. मग पुण्याच्या एका संशोधक विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की अहवालात स्वागताध्यक्षांनी केलेल्या सत्काराचा एकही फोटो नाही. त्याने मूळ चित्रण उघडलं. संध्याकाळपर्यंत ते चित्र सगळीकडे पोहोचलं होतं आणि त्याखाली एकच ओळ होती, 'हटवार सरांचे हात'. दुसऱ्या दिवशी त्यात भर पडली, दृश्यलेखिका त्यांचीच मुलगी आहे आणि तिने हे मुद्दाम वगळलं.

खोब्रागडे घरी आले ते चप्पल काढून दारातच उभे राहिले.

"सर कुठे आहेत?"

"मागे, झाडांना पाणी घालताहेत," कल्याणी म्हणाली. "त्यांना अजून सांगितलं नाही. विश्रामकाका, तुम्ही काहीतरी बोला ना. तुमचं लोक ऐकतील. हे दुसऱ्या कशानेही होऊ शकतं, हे तुम्हाला माहीत आहे."

खोब्रागडे बसले. त्यांनी गुडघ्यावरची पॅन्ट सारखी केली.

"मंडळातल्या एका माणसाचं असंच चित्र मागच्या वर्षी निघालं होतं," ते म्हणाले. "तोही म्हणाला होता, दुसऱ्या कशाने झालं असेल. तेव्हा मी काय म्हणालो ते सगळ्यांनी ऐकलंय. मी म्हणालो, रक्त खोटं बोलत नाही. आता सरांसाठी वेगळं कसं बोलू?"

"पण तुम्हाला तरी खरं वाटतं का?"

"मला?" ते म्हणाले. "मी काही या घरात जन्मलो नाही, कल्याणी, पण माझं पहिलं पुस्तक या घरात लिहून झालं. तुझी आई मला भाकर वाढायची. मला काय वाटतं ते विचारू नको. आजपर्यंत मी म्हणत आलो, वाटण्याला किंमत द्या. आता मलाच ती देता येत नाही."

मागच्या दारातून पुंडलिकराव आत आले. त्यांचे पाय ओले होते. दोघांचे चेहरे बघून ते म्हणाले, "काय झालं? कुणी गेलं का?"

कल्याणीने त्यांना चित्र दाखवलं. दाखवावंच लागलं. ते चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले.

"हा मी आहे?"

"हो, बाबा."

"पण मला त्या वेळी आनंद झाला होता," ते म्हणाले. आवाजात वाद नव्हता, ते नुसतं सांगत होते. "खरं सांगतो विश्राम, एवढा आनंद मला निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता. पोरगी काय बोलली. मला वाटलं, झालं, आपलं काम झालं. मग तो आनंद कुठे गेला यात?"

कल्याणीने चित्र बंद केलं.

"खोटा होता का तो?" त्यांनी खोब्रागड्यांना विचारलं. विद्यार्थ्याने शिक्षकाला विचारावं तसं विचारलं.



पुढचे काही दिवस पुंडलिकराव आपल्याच लहानपणात काहीतरी शोधत राहिले. मध्येच येऊन सांगत. आंधळगावच्या बाजाराला चारोळी आणि मोहफुलं विकायला गोंड बाया येत. आई त्यांना ओट्याखाली बसवायची, पाणी वरून ओतायची. "पण तसं सगळ्यांच्याच घरी होतं," ते म्हणत. "आणि मी तेव्हा केवढा होतो." मग दुसऱ्या दिवशी वेगळंच काहीतरी. आश्रमशाळेत एका पावसाळ्यात दोन मुलं तापाने गेली, त्यांनी ती स्वतः उचलून नेली होती. "तेव्हापासून त्या पोरांचे हात हातात आले की मला भीती वाटते, असं असेल का गं?" कल्याणी म्हणे, असू शकेल. ते थोडा वेळ बरे होत. मग म्हणत, "की हे मी आता सोयीचं म्हणून आठवतोय?"

एका सकाळी ते तिच्या कामाच्या खोलीत आले. अंगात धुतलेला सदरा होता.

"तो कॅमेरा लाव," ते म्हणाले. "मला बघायचंय."

तिने खूप नको म्हटलं. शेवटी लावला. त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो आणले होते. एकेक समोर धरून ते बघत आणि मग पडद्यावर स्वतःकडे बघत. पहिला फोटो धरतानाच बोटं राखाडी झाली. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. डोळे मिटले, हसून पाहिलं, त्या मुलाचं नाव मोठ्याने घेतलं, त्याच्या आठवणी सांगितल्या. राखाडी रंग मनगटापर्यंत चढला.

"बाबा, थांबा. आता तुम्हाला भीती वाटते आहे. राखाडी होईल या भीतीनेच राखाडी होतंय. यातून आता काहीच कळणार नाही."

"मग कधी कळेल?"

"कधीच नाही. आता तुम्हाला माहीत झालंय."

त्यांनी फोटो गोळा केले. गोळा करताना आपली बोटं चेहऱ्यांवर पडणार नाहीत अशी कडेने धरून एकावर एक रचले.

त्यानंतर गोष्टी वेगाने घडल्या आणि कुणाच्याच हातात राहिल्या नाहीत. आश्रमशाळेच्या संस्थेने शिक्षकांच्या प्रशिक्षणाला पुंडलिकरावांनी यंदा येऊ नये असं फार नम्रपणे कळवलं. कल्याणीचा परवाना निलंबित झाला. राज्याच्या शिक्षक भरतीत मुलाखतीच्या वेळी स्पंदनचित्र घ्यावं, म्हणजे असे शिक्षक आधीच ओळखता येतील, अशी मागणी झाली आणि मान्यही झाली. ती राबवणाऱ्या समितीवर खोब्रागड्यांना घेतलं. पहिल्या फेरीनंतर ते भेटले तेव्हा थकलेले दिसत होते.

"ज्यांना पोरांची काळजी वाटते त्यांचे चेहरे वरखाली होतात," ते म्हणाले. "उपाशी पोराचा फोटो दाखवला की ते बिचकतात, राखाडी होतात, नापास होतात. ज्यांना कुणाचंच काही वाटत नाही ते शांतपणे पास होतात. मी लिहून दिलं. ते म्हणाले, सर, पुराव्याची मागणी तुम्हीच केली होती."

आता एकच माणूस काही करू शकेल असं कल्याणीला वाटत होतं. ती यशोदाला भेटायला निघाली. वडसा मागे पडल्यावर रस्ता जंगलात शिरला. शाळेत पोहोचली तेव्हा दुपारची सुट्टी झाली होती आणि मुलं हातपंपावर ताटं धूत होती. यशोदाने तिला कार्यालयात न नेता मागे मोहाच्या झाडाखाली नेलं.

"आत कॅमेरा बसवलाय," ती म्हणाली. "आता सगळ्या शाळांत बसवताहेत. पोरांकडे आम्ही कसं बघतो ते मोजतात."

कल्याणी तिला ताई म्हणत असे. लहानपणी सुट्टीत ती इथे यायची तेव्हा यशोदानेच तिला पोहायला शिकवलं होतं.

"ताई, तू एकदा बोल. बाबांनी तुझ्यासाठी काय केलं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

"बोलले होते ना. परिषदेत. त्याचंच तर हे झालं." यशोदाच्या आवाजात राग नव्हता. "चित्र निघाल्यावर इथे लोक आले. काहींना हवं होतं, मी सरांना माफ केलं म्हणावं. काहींना हवं होतं, मी त्यांना ढोंगी म्हणावं. माझ्यासमोर ते चित्र धरलं आणि माझ्या तोंडावर कॅमेरा. मी काय बोलले ते कुणी ऐकलंच नाही. माझा चेहरा राखाडी झाला तेवढं दाखवलं."

"तू काय बोलली होतीस?"

"की मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही, कल्याणी. मी लहान होते, माझ्या डोक्यात उवा झाल्या होत्या. बाई हात लावेनात. सरांनी मला समोर बसवून रॉकेल लावलं, फणी फिरवली, एकेक ऊ काढली. इतके दिवस ती आठवण माझी होती. आता ती आठवली की मी त्यांच्या बोटांकडे बघते. तेव्हाही ती अशीच झाली असतील का? झाली असतील तर मी काय करू? उवा परत घालून घेऊ?"

कल्याणीला हसू आलं आणि लगेच रडू आलं. यशोदाने तिला रडू दिलं.

"समजा त्यांना आतून शिसारी येत होती," यशोदा पुढे म्हणाली, "आणि तरी ते रोज हात पुढे करत होते. मग ते मोठे की लहान? मी पोरांना गणित शिकवते, मला हे सुटत नाही. आणि मला असंही वाटतं, मी का सोडवू? त्यांचं रक्त, तुमचं यंत्र, आणि उत्तर मी द्यायचं."

"त्यांना भेटायला तरी ये. ते जेवत नाहीत नीट."

"मी रागाने नको म्हणत नाही जी. पण आम्ही समोर आलो की लोक दोघांचेही चेहरे वाचतील. मी राखाडी निघाले तर सर मरतील. ते निघाले तर मी कुठे जाऊ?"

घंटा झाली. ती उठली, लुगड्याचं मागचं झटकलं आणि वर्गाकडे गेली. दारातून आत जाण्याआधी तिने चेहरा दोन्ही हातांनी चोळला, रंगमंचावर जाण्याआधी नट करतो तसा.

उन्हाळ्यापर्यंत लोक ते चित्र विसरले. रोज नवी चित्रं निघत होती. सासूचे हात, मंत्र्यांचे हात, मित्राच्या लग्नात उभ्या असलेल्या मित्राचा चेहरा. स्पंदनचित्र तोवर साध्या फोनमध्ये आलं होतं आणि पोरं गंमत म्हणून एकमेकांवर धरत. पुंडलिकराव मात्र बदलले ते बदललेच. ते हात पाठीमागे बांधून चालू लागले. ओळखीचं कुणी भेटलं की दुरूनच नमस्कार करत. कल्याणीने औषधाची गोळी दिली तर आधी टेबलावर ठेवायला सांगत आणि मग उचलत. तिने एकदा त्यांचा हात धरायचा प्रयत्न केला, तेव्हा ते हळूच म्हणाले, "राहू दे. कशाला बघायचं?" तिनेही सोडला. सोडल्यावर तिला जाणवलं की आपल्याला थोडं बरं वाटलं. तेही तिला सहन झालं नाही.

जूनच्या सुरुवातीला, शाळा उघडण्याआधी, यशोदा आली. विभागीय कार्यालयात काम होतं, ती म्हणाली, म्हणून आले. सोबत एका पिशवीत आंबे होते. पुंडलिकराव खुर्चीत बसले होते. ती समोरच्या दिवाणावर बसली. दोघांनी आपापले हात मांडीवर ठेवले.

"शाळेचं छप्पर झालं का?" त्यांनी विचारलं.

"अर्धं झालं, सर. मागच्या बाजूचं राहिलंय."

"तिकडून पाऊस मारतो. आधी ती बाजू करायला हवी होती."

"सांगितलं होतं मी. ठेकेदार ऐकत नाही."

"पहिलीत किती पोरं?"

"यंदा बरी आहेत. नवीन टोल्यावरची पण येणार आहेत."

"त्यांची बोली जरा वेगळी आहे. ऐकून घे आधी."

"हो, सर."

असं बराच वेळ चाललं. छप्पर, पाणी, नवीन पुस्तकं, स्वयंपाकीणबाईचा गुडघा. कल्याणी सरबत घेऊन आली तेव्हा तिला वाटलं, ही दोन माणसं भिंतीपलीकडून बोलताहेत. यशोदाने पेला उचलला, प्यायली, आणि निघायला उठली.

दारात ती थांबली. "येते, सर," म्हणाली, आणि तशीच उभी राहिली. जायला निघालेल्या माणसापेक्षा जरा जास्तच वेळ उभी राहिली. तिचा उजवा हात पदराशी होता, तो किंचित पुढे आला की काय, कल्याणीला नक्की दिसलं नाही. तिच्यामागून दारापर्यंत आलेल्या पुंडलिकरावांनी पाठीमागे बांधलेले हात सोडले, छातीशी जोडले आणि मान लववली. यशोदानेही हात जोडले. "सेवा जोहार," ती म्हणाली.

तिची गाडी वळणावरून गेली तरी पुंडलिकराव फाटकाशी उभे होते. ऊन चढलं होतं. कल्याणी त्यांना आत चला म्हणाली.

"तिला वाईट वाटलं का गं?" त्यांनी विचारलं. "जाताना?"

"मला सांगता येत नाही, बाबा."

"तुझ्या फोनमध्ये दिसलं असेल."

"मी पाहिलं नाही. मुद्दामच नाही पाहिलं."

ते तिच्याकडे वळले. आयुष्यभर मुलांच्या चेहऱ्यावरून कुणाला तहान लागली, कुणाला घरची आठवण आली ते ओळखणारा हा माणूस रिकाम्या रस्त्याकडे बोट करून म्हणाला, "बघायला हवं होतंस. नुसत्या डोळ्यांनी बघून आपल्याला काय कळतं?"